टक्का कशाचा?

सातवीला गणित शिकवताना फळ्यावर शेकडेवारीचं उदाहरण लिहिलं की मी आधी वर्गाकडे वळून ओरडायचे, "टक्का कशाचा?" अख्खा वर्ग तिप्पट ओरडायचा, "खरेदी किमतीचा!" नफा असो, तोटा असो, टक्का खरेदी किमतीचा. एवढं डोक्यात बसलं की पोरगं पास, असं माझं ठाम मत होतं. आणि निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच डोंबिवलीच्या एका एजंटच्या ऑफिसात बसून मीच "टक्का कशाचा, अहो पण टक्का कशाचा" करत होते आणि डोक्यात काडीचा प्रकाश पडत नव्हता.

घर घ्यायचं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही कळव्याला सासऱ्यांच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिलो. सासू-सासरे गेले, आमची लेक लग्न होऊन गेली, आणि त्या खोल्या धाकट्या दिरांना द्यायच्या हे घरात आधीपासून ठरलेलं. तेव्हा माझा फंड आणि ह्यांची कंपनी बंद पडताना मिळालेले पैसे असं सगळं गोळा करून डोंबिवली पूर्वेला एक जुना वन बीएचके पसंत केला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाथरूमची फरशी उखडलेली. पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी. कळव्याला मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या, त्यामुळे खिडकी बघितल्यावर मी बाकी काही बघितलंच नाही.

एजंट तरुण होता, पण शर्ट खोचून, कपाळाला गंध लावून एकदम वडीलधाऱ्यासारखा बोलायचा. म्हणाला, "ताई, फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर घ्या. पुरुषाला स्टॅम्प ड्युटी सात टक्के, बाईला सहा. सरळ एक टक्का वाचतो."

"कशाचा एक टक्का?"

"व्हॅल्यूचा."

"म्हणजे आम्ही काकांना देतोय त्या किमतीचा?" काका म्हणजे फ्लॅट विकणारे. एकटेच होते बिचारे, मुलाकडे पुण्याला निघालेले.

"हो. म्हणजे नाही. तुमची किंमत रेडी रेकनरपेक्षा जास्त असेल तर तिचा. कमी असेल तर रेडी रेकनरचा."

"हे रेडी रेकनर काय असतं?"

"सरकारने ठरवलेला भाव. प्रत्येक भागाचा वेगळा."

"अहो, पण आम्ही घासाघीस करून भाव खाली आणला ना! दोन वेळा चहा पिऊन आलो काकांकडे."

"ते तुमचं नि काकांचं. सरकार म्हणतं, ह्या भागात ह्याच्या खाली घर मिळतच नाही."

"मिळालंय की आम्हाला!"

तो हसला. म्हणाला, "ते चांगलंच झालं ताई. पण ड्युटी वरच्या भावाने."

म्हणजे जे पैसे मी देतच नाहीये, त्यांच्यावर मी कर भरायचा. मी वहीत मांडून बघितलं, खोडलं, परत मांडलं. मग त्याने ते सात टक्के फोडून दाखवले. मूळ पाच, एक महापालिकेचा, एक मेट्रोचा, आणि बाई असेल तर त्यातून एक वजा. मी म्हटलं, मेट्रो कुठाय? तो म्हणाला, येतेय. मी म्हटलं, मग आल्यावर घ्या की पैसे! शिळफाट्याच्या रस्त्याला नुसते खांब उभे आहेत, आणि मी काय त्या खांबांना धरून स्टेशनला जाऊ? ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. बाहेरच्या माणसासमोर मी चढ्या आवाजात बोलायला लागले की हे असंच करतात.

शेजारणीने आणखी वेगळाच घोळ घातला. ती म्हणाली, बाईच्या नावावर सवलत घेतली तर पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नाही. परत एजंटला फोन. तो म्हणाला, ती अट गेली आता. शेजारीण म्हणाली, गेली कशी, माझ्या नणंदेला आहे. एजंट म्हणाला, नणंदेने जुन्या वेळी घेतला असेल. मी म्हटलं, मरो ते विकणं, मला अजून घेता येत नाहीये.

पण पहिल्या दिवशी एजंटच्या ऑफिसात एक गोष्ट झाली ती सांगायची राहिली. एक टक्का वाचतो म्हटल्याबरोबर ह्यांनी टेबलावर थाप मारली. "हिच्याच नावावर घ्या! नाव कुणाचंही असेना, घर दोघांचंच आहे." मी वरवर "बघू या" म्हटलं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. फुकटचा वाटावा तसा आनंद. मला ते घर माझ्या नावावर हवं होतं, आणि हवं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्यानंतर एजंटने माझं पॅन नि आधार मागितलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून डोकं खाजवलं. "ताई, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी लग्नाच्या आधी नोकरीला लागले. त्यामुळे शाळेच्या दप्तरातली नोंद, पगार, फंड, पॅन, सगळं माहेरच्या नावाने. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आडनाव तर बदललंच, पण पहिलं नावही बदललं. त्या वेळी चलतीत असलेल्या एका नटीचं नाव ह्यांनी शोधून काढलं होतं, आणि मांडवातल्या सगळ्या बायका खिदळल्या होत्या. मग रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, आधार, सगळं त्या नावाने. आणि गंमत म्हणजे ह्यातल्या कुठल्याच नावाने मला कुणी हाक मारत नाही. शाळेत मी "बाई". लेकीची "आई". ह्यांची "अगं". माहेरी "बाय". नावं दोन, आणि वापरात एकही नाही!

एजंट म्हणाला, "दस्तात माहेरचं नाव लिहू, पैसे त्या खात्यातून जातायत. पुढे ऊर्फ लावून सासरचं. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं एक प्रतिज्ञापत्र करून आणा."

माहेरच्या नावाची सही मी घरदाराच्या कागदावर एकदाच केलेली. माझं माहेर आंबिवलीजवळचं एक गाव. आम्ही तिथले मूळचे, भाताची शेती होती. वडील गेल्यावर भावांनी जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं, आणि बहिणीची हक्कसोड लागते म्हणून मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीत माझा जो वाटा होता तो मी राजीखुशीने सोडला, असा कागद. थोरला भाऊ म्हणाला, "बाय, येवढी सही कर गो. तू काय आमाला परकी हाय?" मी सही केली. भावजयीने मटण-वडे केले होते, साडी नेसवली, ओटी भरली, गाडीने कळव्याला आणून सोडलं. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी वाईट वागलं नाही. सगळ्याच बहिणी करतात. पण त्या कागदाला स्टॅम्प लागला होता दोनशे रुपयांचा, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं. सोडायला दोनशे रुपये आणि घ्यायला लाखांनी. टक्का नाही, रेडी रेकनर नाही, मेट्रो नाही. बाईने सोडलं की सरकार काही विचारत नाही, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही आणि आताही सुटत नाही.

तर इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग आला रविवार. हे कळव्याच्या बाजारात बोंबील आणायला गेले आणि तिथे ह्यांना जुने मित्र भेटले. परत आले ते तोंड एवढंसं करून. मी म्हटलं, काय झालं, बोंबील महाग आहेत का?

"काही नाही." थोड्या वेळाने परत, "अगं, मी काय म्हणतो, जोडीने लावू या ना नावं."

"आणि एक टक्का?"

"गेला तर जाऊ दे."

"परवा टेबलावर थाप कोणी मारली होती?"

"तेव्हा विचार केला नव्हता," हे म्हणाले. मग हळूहळू बाहेर आलं. एकाने विचारलं म्हणे, बायकोच्या घरात राहायला चाललास, भाडं किती ठरलं? आणि सगळे हसले. "तुला कळत नाही. उद्या वॉचमनसुद्धा विचारेल, मालक कोण. मी काय सांगू? पेइंग गेस्ट आहे म्हणून?"

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही, तिथेच माझं चुकलं. हे जास्तच घुमे झाले. एजंटला फोन लावला तर त्याने तिसराच रस्ता काढला. आधी ताईंच्या एकटीच्या नावावर घ्या, सवलत पदरात पाडा, मग ताईंनी ह्यांना अर्ध्या घराचं बक्षीसपत्र करून द्यायचं. नवऱ्याला द्यायचं म्हणून स्टॅम्प नाममात्र, शिवाय वर एक टक्का.

"परत टक्का!" मी ओरडले. "आता हा कशाचा?"

"ते बघावं लागेल ताई."

"आणि बक्षीस कशाबद्दल द्यायचं? पहिला नंबर आलाय का ह्यांचा?"

एजंट हसला. हे हसले नाहीत. मोरीजवळ पाटावर बसून बोंबील साफ करत राहिले. मासे साफ करायचं काम आमच्याकडे पहिल्यापासून ह्यांचं, मला त्यातलं धड येत नाही. फोन ठेवल्यावर खाली मान घालूनच म्हणाले, "माझेही पैसे आहेत ना त्यात. मग माझा किती टक्का, ते तरी सांग."

मी तोंड उघडलं नि सवयीने विचारलं, "कशाचा?"

झालं. बोंबील आपटला ताटलीत. "सगळ्याचं गणित करतेस तू!"

मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "मला नकोय तुमचा टक्का! आग लागो त्या टक्क्याला. सरकारने उद्या सवलत काढून घेतली, बाईला सात नि पुरुषाला सहा केले, तरी मला ते घर माझ्या नावावर हवंय. तिकडे माहेरी सही करून सोडून आले. इथे ह्या घराला इतकी वर्षं पोतेरं मारलं, ते दिरांना चाललंय. मी नाही म्हटलं का? माझ्या नावाचा एक दरवाजा मला बघायचाय. एकदा. तुम्हाला कोण हसतंय म्हणून मी तेही सोडू?"

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. हे हात धुवायचे विसरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बघतो मी. एजंटला काय सांगायचं ते मी सांगेन." एवढंच. काय सांगणार ते नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र करायला ठाण्याला गेलेले, खोपटच्या एसटी डेपोजवळ एक टायपिस्ट बसतो त्याच्याकडे. त्याने कागद वाचून दाखवला. अमुक नावाची मी आणि तमुक नावाची मी, ह्या दोन्ही एकच व्यक्ती असून त्याबाबत काही वाद उद्भवल्यास मी जबाबदार राहीन. मी म्हटलं, वाद कोण घालणार? तो म्हणाला, मॅटर असंच असतं. मी सही केली. पण कुठल्या नावाची करायची ह्यातच आमची दहा मिनिटं गेली, आणि शेवटी त्याने दोन्ही करून घेतल्या.

इकडे ह्यांनी तोवर एजंटकडून स्टॅम्प ड्युटीचं चलन भरून टाकलं होतं. घरी आल्यावर मी विचारलं, "भरलं?"

"भरलं."

"किती टक्क्यांनी?"

"भरलं म्हटलं ना!"

मीही काही कमी नाही. नाही सांगत ना, मग विचारायचंच नाही. नोंदणीच्या दिवसापर्यंत आमच्या घरात आमटीत मीठ कमी आहे का एवढंच बोलणं झालं. पण मनात सारखं तेच. सहा की सात? सहा भरले असतील तर घर माझं एकटीचं. सात भरले असतील तर ह्यांनी नाव लावलं. घराच्या किल्लीपेक्षा मला त्या आकड्याची जास्त धास्ती लागली होती.

कल्याणच्या नोंदणी कार्यालयात ही गर्दी! काका पुण्याहून पहाटेच निघून आलेले, डबा घेऊन. एजंट फाइल घेऊन आत-बाहेर करत होता. आमचा नंबर लागला. संगणकावर एक पोरगेलीशी बाई बसली होती, तिने मान वर न करता वाचलं, "लिहून देणार एक. लिहून घेणार दोन."

लिहून देणार म्हणजे विकणारे, ते काका. लिहून घेणार म्हणजे घेणारे. दोन. लावलंच तर ह्यांनी नाव. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे छताच्या पंख्याकडे बघत होते. मला राग आला का? नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं. मला एकदम थकल्यासारखं झालं. वाटलं, घ्या, सगळं घ्या, सही कुठे करायची तेवढं दाखवा. ती सवय आहे मला.

काकांचं झालं. मग त्या बाईने माझं माहेरचं नाव पुकारलं. मधे वडिलांचं नाव, पुढे गावाकडचं आडनाव, पूर्ण. मी क्षणभर बसूनच राहिले. निवृत्तीच्या कार्यक्रमातसुद्धा सगळे "आपल्या बाई" म्हणाले होते. एजंटने खुणावलं तेव्हा उठले. कॅमेऱ्यात बघितलं, काचेवर अंगठा ठेवला.

"झालं. आता दुसऱ्या बाईंना पाठवा."

"दुसऱ्या बाई?" मी म्हटलं. "दुसरे हे असतील ना. हे आमचे मिस्टर."

"मिस्टर नाहीयेत ह्यात." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "दोघीही बायकाच आहेत. म्हणून तर सहा टक्के लागलेत. एक जरी पुरुष असता तर सवलत गेली असती." आणि तिने दुसरं नाव वाचलं. माझं सासरचं. "कुठायत ह्या? आल्या नाहीत का? त्यांच्याशिवाय दस्त पुढे जाणार नाही हां."

मला काहीच कळेना. मी वेड्यासारखी मागे वळून बघितलं, ती बाई खरंच कुठे बसलीय का म्हणून! एजंट पडद्यावर वाकला आणि त्याने कपाळाला हात मारला. "अहो, त्या ह्याच! ऊर्फ आहे ते, ऊर्फ! साहेब, तुम्ही फोनवर दोन नावं सांगितलीत, आमच्या ऑफिसात दोन बायका धरल्या."

"तू म्हणालास, घेणाऱ्यांची नावं सांगा," हे त्याच्यावर खेकसले. "मी सांगितली. एकही सुटायला नको म्हणून दोन्ही सांगितली. हिचं स्वतःचं आधी सांगितलं. मी ठेवलेलं नंतर."

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं कशाला? टक्का जाईल ना."

मी विचारणार होते, कशाचा. पण ह्या वेळी नाही विचारलं.

संगणकावरच्या बाईला आमच्यात काही रस नव्हता. मागे रांग खोळंबली होती. "मग करू काय? ह्या दुसऱ्या बाईंना डिलीट करते."

ह्यांच्याकडे माझं लक्ष गेलं. हे परत पंख्याकडे बघायला लागले होते, पण हनुवटी हलत होती. तांदळात ते नाव लिहिताना ह्यांचं अक्षर मोडलं म्हणून भटजींनी पुन्हा लिहायला लावलं होतं. आणि ती दुसरी बाई तरी काय कुणी परकी होती? सासूचं दुखणं तिने काढलं. लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून तीच. भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या त्या तिनेच, आणि खिडकी हवी होती तीही तिलाच.

"थांबा," मी म्हटलं. "तिला काढू नका. पहिलीच्या पुढे ऊर्फ लावा आणि लिहा."

"नाव लांबलचक होईल."

"होऊ दे."

तिने सुस्कारा टाकला, खाडखोड केली, परत सगळं टाइप केलं. सूचीवर, म्हणजे नोंदीच्या कागदावर, घेणार एक असं आलं आणि त्याखाली माझी दोन्ही नावं एका ओळीत मावेनात म्हणून दोन ओळींत आली. तिने काच पुसून माझ्याकडे सरकवली. "बाई, परत अंगठा लागेल."

मी ठेवला. दोघींचा मिळून एकच लागला.